अभियांत्रिकीचे गणित : निवड कोणी आणि कशी करावी?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. चिटणीसांनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा 'अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांनी गणिताचे विषय कसे निवडावेत' असे मी सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचे आश्चर्य स्वाभाविक होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वडिलांनी सुरू केलेल्या कापडाच्या दुकानात उभे आयुष्य गेले. माझे गणित म्हणजे वार, मीटर, टक्का आणि उधारीची वही. अभियांत्रिकीच्या गणितावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे आपल्या मनात आले तर त्यात चूक नाही. तो अधिकार मला माझ्या ज्ञानाने दिलेला नाही, माझ्या एका चुकीने दिला आहे. म्हणून प्रथम ती चूक सांगतो.

२०११ साली मी आपल्या शिष्यवृत्ती समितीवर होतो. त्या वर्षी एक मुलगा मुलाखतीला आला. त्याचे वडील पेठेतील एका दुकानात दिवाणजी होते. मुलगा शांत, कष्टाळू. बारावीला बाकी गुण चांगले, गणितात मात्र जेमतेम. अर्ज मंजूर झाल्यावर त्याने मला आदराने विचारले, "काका, कोणती शाखा घेऊ?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "कॉम्प्युटर घे. तिथे गणित कमी असते, आणि नोकरीही लवकर लागते." त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या वर्षी तो गणिताच्या दोन विषयांत अडकला. प्रथम वर्षाचा एक विषय आधीच मागे राहिला होता. त्याचे वर्ष गेले. आपल्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे अनुत्तीर्ण विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बंद होत असे. त्याचीही बंद झाली. त्या पत्रावर सही माझीच होती. पुढे काही महिन्यांनी तो माझ्या दुकानात आला. तो मदत मागायला आला नव्हता, रागही नव्हता. गादीच्या कडेला बसून त्याने एवढेच विचारले, "काका, तिथे गणित कमी असते असे तुम्हाला कोणी सांगितले होते?"

बंधू-भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही. कारण मला कोणीच सांगितले नव्हते. ज्याची आपल्याला माहिती नाही, त्या मालाची मी हमी दिली होती. व्यापारात असे कधी केले नाही. एका मुलाच्या आयुष्याबाबत मात्र सहज केले.

त्यानंतर मी चौकशी सुरू केली. प्राध्यापकांना भेटलो, अभ्यासक्रमाची पुस्तके मागवली, शिकून नोकरीला लागलेल्या मुलांशी बोललो. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो. गणित शिकवण्याची माझी पात्रता नाही. परंतु कोणते गणित कशासाठी लागते, हे सांगण्याइतकी विचारपूस मी केली आहे.

पहिली गोष्ट ही की, गणित नसलेली अभियांत्रिकीची शाखा शोधू नये. अभियांत्रिकीसाठी होणाऱ्या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत एकूण २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र मिळून उरलेले १००. दारातच निम्मे वजन गणिताला आहे. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमपुस्तिकेवरून 'आता बारावीला गणित नसले तरी इंजिनिअर होता येईल' अशी मोठी चर्चा झाली. त्याच वेळी परिषदेने खुलासा केला की, अभियांत्रिकीसाठी गणिताचे महत्त्व कमी झालेले नाही. चर्चा सर्वांनी ऐकली, खुलासा फारच थोड्यांनी वाचला. म्हणून अकरावीत प्रवेश घेताना 'गणित सोडून पाहू' असा विचार कोणी करत असेल, तर अभियांत्रिकीचा विचार त्याच दिवशी सोडल्यासारखे आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट. पदवीच्या प्रथम वर्षाचे गणित बहुतेक विद्यापीठांत सर्व शाखांना जवळपास सारखेच असते. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स हे विषय तिथे येतात. त्यात निवड नसते. खरी निवड पुढे सुरू होते. दुसऱ्या वर्षी शाखेप्रमाणे गणित बदलते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ऐच्छिक विषय येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर तर मायनर, ऑनर्स, ओपन इलेक्टिव्ह अशा वाटा आणखी वाढल्या आहेत. पूर्वी विद्यापीठ ठरवत असे, आता पुष्कळसे विद्यार्थ्याला ठरवायचे आहे. आणि इथेच बहुतेक मुले वरच्या वर्गातील मित्राला एकच प्रश्न विचारतात, "कोणता विषय सोपा? कशात गुण पडतात?"

माझ्या धंद्यातील एक उदाहरण देतो. आपल्यापैकी अनेकांनी इचलकरंजीचे माग पाहिले आहेत. कापडात उभा ताणा असतो आणि आडवा बाणा असतो. बाण्याचा धागा तुटला तर दोष त्या जागेपुरता राहतो. परंतु ताण्याचा एक धागा तुटला आणि विणकराच्या लक्षात आला नाही, तर ती उभी फट ठाणाच्या लांबीभर पुढे पुढे जात राहते. प्रथम व द्वितीय वर्षाचे गणित हा ताणा आहे. एखाद्या ऐच्छिक विषयात गुण कमी पडले तर ते एका गुणपत्रिकेपुरते. पण ताण्यातील धागा सुटला, तर प्रत्येक पुढच्या विषयात तीच फट दिसत राहते. त्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच झाले.

आता शाखावार पाहू.

सर्वप्रथम आपल्या घरचा विषय, म्हणजे वस्त्रोद्योग. ४० काउंटचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लड्या. समजा, दोन गिरण्यांकडून सूत आले. दोन्हींची सरासरी ४०. एका मालात काउंट ३९ ते ४१ च्या दरम्यान राहतो, दुसऱ्यात ३५ पासून ४५ पर्यंत फिरतो. सरासरी तीच, चलनही तेच. परंतु दुसऱ्या सुताच्या कापडावर आडवे पट्टे उमटतात आणि गिऱ्हाईक ते ठाण परत आणते. सरासरीच्या भोवती माल किती पसरला आहे, हे मोजण्याच्या शास्त्राला संख्याशास्त्र म्हणतात. वस्त्र अभियांत्रिकीला जाणाऱ्याने हा विषय सक्तीचा असो वा ऐच्छिक, मन लावून करावा.

या संदर्भात मला समजलेली एक गोष्ट फार मोलाची वाटते. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे सुती उद्योगाची शर्ली इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था होती. तेथे टिपेट नावाचे संख्याशास्त्रज्ञ काम करीत. सूत ओढले की ते त्याच्या सर्वांत अशक्त जागी तुटते. म्हणजे सरासरी बळापेक्षा सर्वांत कमी बळ कोठे आहे, हे महत्त्वाचे. अशा टोकाच्या मूल्यांचे गणित फिशर आणि टिपेट यांनी १९२८ साली मांडले. आणि पुढे १९४१ मध्ये गुंबेल यांनी तशाच गणिताने नदीच्या पुरांचा विचार केला. सुताचे सर्वांत कमी बळ आणि नदीची सर्वांत मोठी पातळी, दोन्हींचे गणित एकाच घराण्यातले निघाले. म्हणून कोणते गणित केव्हा आणि कोठे उपयोगी पडेल, हे आधी सांगता येत नाही.

येथून आपण स्थापत्य शाखेकडे, म्हणजे सिव्हिलकडे येतो. कृष्णेच्या आणि पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगावे लागत नाहीत. पूल आणि धरण बांधताना इंजिनिअर 'शंभर वर्षांचा पूर' असा शब्द वापरतात. आपण समजतो, एकदा आला की शंभर वर्षे निश्चिंती. अर्थ तसा नाही. त्याचा अर्थ असा की, तसा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक. मग तीस वर्षांच्या कर्जावर काठाजवळ दुकान बांधले, तर त्या तीस वर्षांत तसा पूर निदान एकदा येण्याची शक्यता किती? एका वर्षी न येण्याची शक्यता ९९ टक्के. ती तीस वेळा गुणली की सुमारे ७४ टक्के उरते. म्हणजे पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, चारात एकाहून थोडी अधिक. हा हिशेब मला पूर्वी येत असता, तर तळमजल्यावर माल भरून ठेवताना मी दोनदा विचार केला असता.

काँक्रीटचेही तसेच. एम २५ काँक्रीट म्हणजे सरासरी २५ बळाचे काँक्रीट नव्हे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे, चाचणीतील पाच टक्क्यांहून अधिक नमुने २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नयेत, अशी ती अट आहे. ती पाळण्यासाठी मिश्रणाची सरासरी वर धरावी लागते. प्रमाणित विचलन ४ धरले, तर त्याची १.६५ पट म्हणजे ६.६ मिळवून ३१.६ चे लक्ष्य ठेवतात. ही १.६५ पट कोठून आली, हे संभाव्यतेचा धडा ज्याने समजून केला त्यालाच कळते. इतरांसाठी ते केवळ पाठ करण्याचे सूत्र राहते. तेव्हा सिव्हिलच्या विद्यार्थ्याने डिफरन्शियल इक्वेशन्स, न्यूमरिकल मेथड्स आणि संख्याशास्त्र या तिन्हींकडे लक्ष द्यावे. यांपैकी संख्याशास्त्राकडे फार दुर्लक्ष होते, असे मला अनेकांनी सांगितले.

मेकॅनिकल शाखेत उष्णता, कंपने आणि द्रवांचा प्रवाह हे मुख्य विषय. ही सर्व बदलत राहणारी राशी असल्याने त्यांची भाषा डिफरन्शियल इक्वेशन्सची आहे. फूरिये यांनी १८२२ साली उष्णतेवर ग्रंथ लिहिला, त्यातील श्रेणी आज त्यांच्या नावाने शिकवतात. परंतु प्रत्यक्ष यंत्राच्या भागाचा आकार इतका वेडावाकडा असतो की, समीकरण कागदावर सुटत नाही. मग त्या भागाचे लहान लहान तुकडे करून संगणकाकडून उत्तर काढतात. संगणक लाल-निळे सुंदर चित्र देतो. ते खरे की चुकीचे हे ठरवण्यासाठी न्यूमरिकल मेथड्स आणि मॅट्रिक्सचे ज्ञान लागते. चित्र काढणारे पुष्कळ मिळतात, त्यातील चूक ओळखणारे थोडे असतात.

इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स शाखांना संमिश्र संख्या, लाप्लास आणि फूरिये यांच्यावाचून गत्यंतर नाही. येथे आपल्या परंपरेचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. ऋण संख्या ही कोणत्याही संख्येचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट नोंदवले. अडचण कोठे आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. पुढे युरोपात त्या अशक्य वर्गमुळाला एक चिन्ह देऊन नवी संख्या मानली गेली. आणि १८९३ साली स्टाइनमेट्झ यांनी त्याच संख्येच्या साहाय्याने उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत प्रवाहाचे किचकट हिशेब सोपे करून दाखवले. आपल्या घरात सेकंदाला ५० आवर्तने करणारी वीज येते, तिचे हिशेब आजही याच पद्धतीने होतात. अकरावीत 'याचा काय उपयोग?' म्हणून मुले जो धडा सोडून देतात, त्यावर सारी इलेक्ट्रिकल शाखा उभी आहे.

आता कॉम्प्युटर, जेथे मी 'गणित कमी' म्हणालो होतो. तेथे गणित कमी नसते, वेगळे असते. त्याला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स म्हणतात. तर्क, संच, मोजणी, आलेख असे त्याचे भाग. यातील मोजणीचा, म्हणजे अनेक वस्तूंतून काही निवडण्याच्या प्रकारांचा सर्वसाधारण नियम महावीराचार्यांच्याच ग्रंथात सापडतो. बँकेचा व्यवहार गुप्त राहावा म्हणून वापरात आलेली एक प्रसिद्ध पद्धत रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ साली शोधली. ती मूळ संख्यांच्या गणितावर आधारलेली आहे. आणि ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची आज घरोघरी चर्चा आहे, तिच्या पोटात मॅट्रिक्सचे गुणाकार, कॅल्क्युलस आणि संभाव्यता याच तीन गोष्टी आहेत. गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू झाली. तिच्या अभ्यासक्रमात आरंभीच संभाव्यता व संख्याशास्त्र, लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस हे विषय आहेत. तेव्हा गणिताला घाबरून कोणी या शाखेकडे वळत असेल, तर त्याने माझी गोष्ट आठवावी.

विद्यार्थी मित्रांनो, एवढ्या चौकशीतून निवडीसाठी जे चार नियम मला सुचले, ते सांगतो.

पहिला नियम : अभ्यासक्रम शेवटाकडून वाचावा. चौथ्या वर्षी तुम्हाला कोणता विषय करावासा वाटतो, ते आधी पाहा. मग त्या विषयाच्या पानावर 'पूर्वज्ञान' म्हणून काय लिहिले आहे ते वाचा. त्यावरून तिसऱ्या आणि दुसऱ्या वर्षी कोणते गणित हवे, ते आपोआप समजते. हे काम एका संध्याकाळचे आहे. पण प्रवेश घेताना फारच थोडी मुले ते करतात.

दुसरा नियम : ऐच्छिक विषयांत गणिताचा एकच विषय घेता येत असेल आणि काही निश्चित ठरत नसेल, तर संभाव्यता व संख्याशास्त्र घ्यावे. ते कोणत्याही शाखेत, एवढेच नव्हे तर आमच्यासारख्या व्यापारातही उपयोगी पडते. दुसरा घेता येत असेल, तर कॉम्प्युटर व इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी लिनिअर अल्जेब्रा आणि सिव्हिल व मेकॅनिकलवाल्यांनी न्यूमरिकल मेथड्स घ्यावे. पुढे गेट द्यायची असेल, तर बहुतेक प्रश्नपत्रिकांत १०० पैकी १३ गुण अभियांत्रिकी गणिताचे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा नियम याच्या उलट बाजूचा आहे. गणित आवश्यक म्हणून झेपेल त्याहून अधिक ओझे घेऊ नये. प्रथम वर्षाचा विषय मागे राहिला असताना ऑनर्स किंवा मायनरसाठी अवघड गणित घेणे, म्हणजे जुनी उधारी बाकी असताना नवा माल उचलण्यासारखे आहे. आधी मागचे खाते पूर्ण करावे. ज्याला चौथ्या वर्षानंतर बांधकामाच्या जागेवर किंवा कारखान्यात व्यवस्थापन पाहायचे आहे, त्याने उच्च गणिताचा हट्ट धरलाच पाहिजे असेही नाही. आवश्यक तेवढे पक्के असावे.

चौथा नियम डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे, आणि आपल्या समाजात अशी मुले बरीच आहेत. डिप्लोमाला गणित असते. परंतु पदवीच्या प्रथम वर्षाचे गणित तेवढ्या विस्ताराने झालेले नसते. ही मुले एकदम दुसऱ्या वर्षाच्या गणितासमोर उभी राहतात. हाताने काम करण्यात ती सर्वांच्या पुढे असतात आणि गणितात मागे पडतात. तो त्यांच्या बुद्धीचा दोष नाही, मधली एक पायरी सुटलेली असते. निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे दोन महिने प्रथम वर्षाच्या गणिताला द्यावेत. साधने विनामूल्य आहेत. देशातील आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या एनपीटीईएल या उपक्रमाची व्याख्याने घरबसल्या पाहता येतात. अमेरिकेतील एमआयटीचे निवृत्त प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जेब्राची व्याख्यानेही कोणालाही मोफत पाहता येतात. मात्र पाहण्याने गणित येत नाही. वही घेऊन स्वतः सोडवावे लागते.

आता पालकांसाठी एक विनंती. मुलगा किंवा मुलगी विचारील की कोणता विषय घेऊ, तर आपल्याला जे माहीत नाही ते सांगू नका. 'मला माहीत नाही, आपण दोघे मिळून विचारू' एवढे म्हणण्यात कमीपणा नाही. मुलीच्या बाबतीत तर 'गणिताची शाखा तिला जड जाईल' असे आपण तिच्या गुणपत्रिकेकडे न पाहताच म्हणून टाकतो. यंदा गणितात सर्वाधिक गुण मिळवणारी विद्यार्थिनी समोर पहिल्या रांगेत बसली आहे, हे मी आवर्जून सांगतो.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. आपल्या गावातील एका निवृत्त गणित शिक्षकांकडे मी त्याला घेऊन गेलो. त्यांनी त्याची वही पाहिली आणि म्हणाले, "याला दुसऱ्या वर्षाचे गणित येत नाही असे नाही. याचे अकरावीचे त्रिकोणमितीचे आणि बारावीचे इंटिग्रेशनचे धडे कच्चे आहेत." वर्षभर रोज संध्याकाळी त्यांनी एक पैसा न घेता शिकवले. सुरुवात अकरावीच्या पुस्तकापासून केली. विसाव्या वर्षी अकरावीचे पुस्तक उघडायला लाज वाटते. त्याने ती बाजूला ठेवली. तो उत्तीर्ण झाला, एक वर्ष उशिरा पदवी घेतली आणि आज पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. आजचे हे भाषण मी आधी त्याला वाचून दाखवले. त्यातील गणिताच्या दोन चुका त्याने दुरुस्त केल्या. त्याचे गेलेले वर्ष मात्र मी परत देऊ शकत नाही. त्याच्याकडे मी क्षमा मागितली, त्याने ती केली. परंतु क्षमा मिळाली म्हणून जबाबदारी संपत नाही, असे मला वाटते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. एक, गणिताच्या विषयात प्रथमच अडकलेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती लगेच बंद करू नये. त्याला एक संधी द्यावी आणि त्या काळात शिकवणीची व्यवस्था करावी. ज्या क्षणी मदतीची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी आपण हात काढून घेत होतो. दोन, दरवर्षी उन्हाळ्यात आपल्या सभागृहात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या गणिताचा वर्ग भरवावा, आणि तो जात-धर्म न पाहता गावातील सर्व मुलांना खुला असावा. शिकवण्यासाठी निवृत्त शिक्षक आणि वरच्या वर्गातील मुले आहेत. लागणाऱ्या खर्चाचा पहिल्या पाच वर्षांचा भार उचलण्याची माझ्या कुटुंबाची तयारी आहे. याकडे कोणी दान म्हणून पाहू नये. ती माझी जुनी बाकी आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट उभा केला, त्यांच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण माझ्याहूनही कमी होते. तरीही मुलांनी शिकावे, ही तळमळ त्यांच्याकडे होती. त्यांनी शिक्षणासाठी पैसा उभा केला. पुढील काळात पैशाबरोबर योग्य माहितीही आपण मुलांच्या हाती द्यावी, एवढीच माझी प्रार्थना आहे.